बिनचावीचा टायमर

“याले चावी कोठे शे?”

“याला चावी नसते, आबा.”

“चावी नही? मंग हाई चालई कशी?”

“लाईटवर. पंप लाईटवर चालतात ना? तसाच टायमर पण लाईटवर.”

“जुनीले मी दर सोमवारे चावी देत व्हतू. अकरा वरीस दिन्ही. एक सोमवार चुकना नही.”

“म्हणूनच मेली ती. पिळून पिळून मारली तुम्ही.”

“भटू, तोंड सांभाळ! शिकेल नही, सवरेल नही, आनि माले शिकाडस?”

हे मला कोण बोललं? अभिमन आबा. टँकवरचा राखणदार, ज्याला घड्याळ वाचता येत नाही तो. नुसती चावी देता येते. माझ्या हातात टेस्टर होता, तो मी फरशीवर आपटला. टेस्टर फुटला. तो माझा नव्हता, आमच्या दुकानाचे मालक लीलाधर भाऊंचा होता. म्हणजे कामाला हात लावायच्या आधीच माझं एक नुकसान झालेलं होतं, आणि आबा खाली वाकून काचेचे तुकडे गोळा करू राहिले होते. त्याने मला अजूनच राग आला.

टँक म्हणजे पोहण्याचा टँक. अमळनेरात मोहनलाल शेठनी वडिलांच्या नावाने ट्रस्ट करून बांधलाय, त्यांच्याच तेलगिरणीच्या भिंतीला लागून. गाव सरकीचं तेल खातं आणि शेठचे पोरं निळ्या पाण्यात डुंबतात, असं लोक म्हणतात, पण फुकटचा पास मिळाला की म्हणणं बंद करतात. टँकला तीन पंप. दोन पाणी फिल्टरमधून फिरवतात, तिसरा बोअरचा, वरून पाणी भरतो. तिन्ही पहाटे पाचला चालू, नऊला बंद. ते काम एक परदेशी टायमर करायचा. ब्लिचिंग पावडरच्या वाफेने त्याला आतून खाल्लं आणि एका सकाळी धूर काढून तो बसला. चार दिवस पंप बंद. पाणी आधी पोपटी, मग हिरवं. शेठची नात पाण्यात बघून म्हणे, आजोबा, यात म्हैस कुठे आहे?

मी लीलाधर भाऊंच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला. शाळा नववीत सोडली. सोडली म्हणजे विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर बॅटरीची तार चुकीच्या टोकाला जोडली, मी उठून सांगितलं, त्यांनी मला बाहेर काढलं, मी परत गेलोच नाही. याला माझे वडील “पळून आला” म्हणतात. मी “सोडली” म्हणतो. घरात दोन वर्षांपासून या एका शब्दावर भांडण आहे.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना एस.टी. स्टँडवर कंट्रोलर. माणूस वेळेचा असा पक्का, की आई म्हणते, यांना ठसका पण टाइमटेबलप्रमाणे लागतो. टायमरचं काम मला मिळालं हे त्यांनी जेवताना ऐकलं. जेवण झालं, हात पुसले आणि शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून दहावीला बसायचा.

“मुदत एकतीस जुलै,” नाना म्हणाले. “चोवीस तारखेपासून आठ दिवस तुझ्या टायमरने पंप पहाटे पाचला चालू झाले, तर एकतीस तारखेला हा फॉर्म तुझ्यासमोर फाडतो. जन्मात परत शाळेचं नाव काढणार नाही.”

“आणि नाही झाले तर?”

“एक दिवस जरी मागेपुढे झालं, तर सही करायची. गप बसून.”

आमचं घर टँकच्या मागच्याच गल्लीत. पंप चालू झाले की अंथरुणात ऐकू येतं. आणि पाचला गिरणीचा भोंगा होतो. म्हणजे नानांना नुसतं पडल्या पडल्या दोन आवाज जुळवायचे होते. मी म्हटलं, मंजूर. आई भांडी आवरत म्हणाली, “दोघं सारखेच.”

टायमर लावणं सोपं असतं. टायमर विकत घेणं हे काम आहे. गिरणीचे मुनीम म्हणाले, ट्रस्टचा नियम, तीन दुकानांची कोटेशनं आणा. अमळनेरात टायमर म्हणजे काय हे माहीत असलेलं एकच दुकान, आणि ते आमचंच. दुसऱ्या दुकानात मला किचनमधलं गजराचं घड्याळ दाखवलं. तिसऱ्याने विचारलं, “पाण्याचा टँक भरला की वाजणारी घंटी पाहिजे का?” शेवटी धुळ्याचं एक कोटेशन, जळगावचं एक, आणि एक लीलाधर भाऊंनी आपल्या मेव्हण्याच्या नावाने लिहून दिलं. मेव्हण्याचं दुकान साड्यांचं आहे. मुनीमना ते चाललं.

मग वीज ऑफिसात गेलो. तिथले बाबू म्हणे, टेस्ट रिपोर्टवर लायसनवाल्या वायरमनची सही पाहिजे.

“काम मी करणार आहे.”

“तुझं लायसन?”

“नाही.”

“काढून घे. दहावी पास लागतं.”

हे घरी सांगायची गरज नव्हती, पण बाबू नानांच्या ओळखीचे निघाले. त्या रात्री नाना जेवायला बसले. खिशावर नुसता एकदा हात ठेवला. रिपोर्टवर सही लीलाधर भाऊंनी केली, न बघता.

टायमर जळगावहून मीच आणला. रस्त्यावरच्या दिव्यांना लावतात तसला. दुकानदाराने विचारलं, “रिझर्व्हवाला देऊ की साधा?”

आता रिझर्व्ह म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण शेजारी दोन गिऱ्हाईकं उभी होती, आणि दुकानदार माझ्या मिसुरडीकडे बघून हसत होता. मी म्हटलं, “साधाच द्या. रिझर्व्ह घेऊन आम्ही काय करायचं?” अशा आवाजात म्हटलं की तो गप झाला. एस.टी.त मला फार बरं वाटत होतं.

पहिल्या दिवशी मी तिन्ही पंपांच्या तारा सरळ टायमरमधून नेल्या. पाचला तिन्ही सुरू. मी आबांकडे बघितलं, आबांनी तंबाखू मळली. नऊ वाजले, पंप बंद होईनात. टायमरचा काटा नऊच्या पुढे गेला, टकक् आवाज पण आला, पण आतले पॉइंट उष्णतेने एकमेकांना चिकटून बसले होते. एवढासा टायमर, त्याने तीन पंपांचं वजन कसं उचलावं? बोअरचा पंप भरत राहिला. टँक भरला, ओसंडला, पाणी भिंतीच्या मोरीतून गिरणीत गेलं, सरकीच्या गोदामात. तिकडून उखर्डूची बोंब आली. उखर्डू म्हणजे गिरणीचा भोंगेवाला. तो धोतर वर धरून पाण्यात नाचू राहिला होता, “अरे बंद करा रे! बठ्ठी सरकी भिजनी!”

मी मेन स्विच पाडला. पॉइंट कानशीने सोडवले, घासले. मग डोकं शांत केलं. मला डोकं शांत करायला अर्धा दिवस लागतो. तीन कॉन्टॅक्टर आणले, म्हणजे जाड पॉइंटचे मोठे स्विच. वजन कॉन्टॅक्टरने उचलायचं, टायमरने त्यांना नुसता इशारा द्यायचा. दुसऱ्या दिवशी पाचला टायमरने इशारा दिला, तिन्ही पंप एका क्षणी उठले आणि खांबावरचा फ्यूज फाडकन उडाला. गल्ली अंधारात.

शेजारच्या भिकुबाई अक्का बॅटरी घेऊन पंपरूममध्ये आल्या. त्यांच्यामागे अर्धी गल्ली. एकेकाने सल्ला दिला. एक म्हणे अर्थिंगमध्ये मीठ टाक. एक म्हणे पंप उलटे फिरू राहिले. अक्का म्हणे, “पोऱ्या, खंबाले नारळ फोड, ऐक मनं.”

“अक्का, खांब माझा नाही.”

“म्हनीसनीच म्हनस ना. परकी वस्तूले आधी हात जोडना पडस.”

मी नारळ फोडला नाही. पहिला पंप उठला की थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा, अशी जोडणी केली. चोवीस तारखेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नानांच्या मनगटावरचं घड्याळ बघून टायमरची चकती लावली. नाना स्वतः पंपरूममध्ये आले होते. सेकंद काटा बारावर आला तेव्हा म्हणाले, “लाव.” मी लावली. आबा कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात जुन्या टायमरचा सांगाडा कापडात गुंडाळून ठेवत होते.

“फेका की तो आता,” मी म्हटलं.

“तुना काय ठेवेल शे?” आबा म्हणाले.

चोवीस तारीख. पहाटे मी जागाच होतो. भिंतीपलीकडे नाना पण जागे, कारण घोरणं नव्हतं. पंप उठला. दुसरा. तिसरा. आणि लगेच भोंगा. मी अंथरुणात मूठ हवेत मारली. पलीकडून नाना नुसते “हं” म्हणाले.

पंचवीसला पण तसंच. पंप, भोंगा, “हं”. फक्त नाना दात घासताना म्हणाले, “घड्याळ माझं पाच मिनिटं पुढे पळालं.” बावीस वर्षं ते रोज भोंग्यावर घड्याळ मिळवतात, आणि मग स्टँडवर जाऊन स्टँडचं घड्याळ स्वतःच्या घड्याळावर मिळवतात. त्यांनी काटा पाच मिनिटं मागे घेतला.

सव्वीसला परत पुढे. सत्तावीसला परत. नानांनी घड्याळ रतिलाल घड्याळवाल्याकडे नेलं. तिथे लाइन होती. रतिलाल म्हणे, “या आठवड्यात अकरावं घड्याळ. सगळी पुढे पळणारी. हवा दमट आहे.” तेल घालून दिलं.

एका सकाळी रेडिओ लावला तर बातम्या संपत आलेल्या. नाना म्हणाले, “हे लोक आजकाल लवकर उरकून घेतात. शिस्त राहिली नाही.” मी मान हलवली. मला सगळं दिसत होतं. माझे डोळे चांगले आहेत, हे सगळी गल्ली मान्य करते. पंप आणि भोंगा रोज एका क्षणी होत होते, त्यामुळे बाकीचं जग चुकीचं असलं तरी माझी हरकत नव्हती.

भिकुबाईंचा कोंबडा त्यात बिचारा सापडला. तो भोंग्याच्या आधी आरवायला लागला. आधी दहा मिनिटं, मग पंधरा, मग अर्धा तास. अक्कांची झोपमोड. “याना डोकामा फरक पडना,” अक्का म्हणाल्या. आखाड चालूच होता. तीस तारखेला त्यांनी कोंबडा कापला, आणि शेजारधर्म म्हणून आमच्याकडे वाटीभर रस्सा पाठवला. नाना दोन भाकरी जास्त जेवले. मला म्हणाले, “उद्याचा एक दिवस.” आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे बघून हसले. मी पण हसलो. रस्सा झकास होता. ते आठवलं की आता मला घास वर येतो, कारण आमच्या गल्लीत बरोबर वेळ सांगणारं ते एकच जनावर होतं आणि आम्ही ते खाल्लं.

एकतीस तारीख, म्हणजे आजचीच सकाळ. पंप. भोंगा. “हं.” मी उड्या मारत पंपरूमला गेलो. टायमरवर बरोबर पाच. बाहेर बघितलं तर चांगलंच फटफटलं होतं. म्हटलं, आज आभाळ मोकळं आहे म्हणून. सव्वापाचला सुरतेकडून येणारी पॅसेंजर शिट्टी मारत गेली. ती सहाच्या आसपास येते. म्हटलं, आज लवकर आली.

सहाच्या सुमारास टँकचं फाटक धाडकन उघडलं आणि पाठोपाठ पंपरूमचं दार. मोहनलाल शेठ. मागे त्यांची आई प्रेमकुंवरबाई, डोक्यावर पदर, हातात फराळाचा डबा. मागे मुनीम, दोन पेट्या घेऊन. शेठ आईला जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले होते. दोन महिन्यांनी नंबर लागलेला.

“उखर्डू कुठंय? बोलाव त्याला!” शेठ ओरडले. “भोंगा ऐकून उठलो, स्टेशनवर गेलो, गाडी गायब! स्टेशनमास्तर मला घड्याळ दाखवतो. म्हणतो, शेठ, झोप पूर्ण झाली का?”

उखर्डू भिंतीवरून वाकून बघत होता, तो तसाच खाली उतरून आला. तेवढ्यात नाना सायकलवरून आले, घामाघूम. स्टँडच्या घड्याळावर विसंबून गाडी चुकलेले पन्नास-साठ लोक स्टँडवर येऊन त्यांच्या अंगावर धावले होते. पण नाना ठाम होते.

“रेल्वेने गाडी आधी सोडली, शेठ. बावीस वर्षं मी भोंग्यावर घड्याळ लावतो. पंप पण पाचला चालू झाले. मी स्वतः ऐकलं.” आणि त्यांनी खिशातून फॉर्म काढला. “आठ दिवस झाले. पोराने शब्द पाळला.” फॉर्मच्या वरच्या कडेला दोन्ही हातांची बोटं धरली.

मी त्या बोटांकडे बघत होतो.

“भोंगा कशाला बघून देतो रे तू?” शेठनी उखर्डूला विचारलं.

उखर्डूने पायाकडे बघितलं. “शेठ, मनी घडी वरीसपाइन बंद शे. पंप उठनात का मी भोंगा देस.”

“आणि पंप बंद होते तेव्हा?”

“चार दिन मुनीमजींना घड्याळवर दिन्हा. पंप चालू व्हयनात, मंग कशाले इचारू?”

“उद्यापासून येऊ नको,” शेठ म्हणाले. “हिशेब घेऊन जा.”

उखर्डूने वर बघितलं नाही. आणि त्याच वेळी लाईट गेली.

रोज जाते. कधी पाच मिनिटं, कधी सहा. त्यात काही नवीन नव्हतं. पण रोज ती जाते तेव्हा पंपरूममध्ये एवढे लोक गप उभे नसतात. पंप गुरगुरत थांबले. एकदम शांत. आणि त्या शांततेत कोपऱ्यातून आवाज आला. टिक टिक टिक.

मी माझ्या टायमरकडे बघितलं. चकती थांबलेली. मेल्यासारखी. लाईट नाही तर तो पण नाही. रोज पाच मिनिटं झोपून तो पुन्हा तिथूनच उठत होता, जणू काही झालंच नाही. रिझर्व्ह म्हणजे लाईट गेली तरी घड्याळ चालू ठेवणारी आतली बॅटरी, ते मला तेव्हा कळलं. जळगावचा दुकानदार डोळ्यासमोर हसायला लागला.

मी आबांच्या डब्याचं झाकण उघडलं. कापड सोडलं. जुन्या टायमरचे पॉइंट जळाले होते, घड्याळ नाही. ते चालू होतं. सहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. माझ्या टायमरवर सहा वाजून आठ.

“आबा, याला चावी कोण देतं?”

“मीच. सोमवारे.” आबा ओशाळले, जसं काही चोरी पकडली. “सवय शे.”

आता बघा. कोणालाच काही समजलं नव्हतं. शेठ रेल्वेवर आणि उखर्डूवर चिडलेले. नाना फॉर्म धरून उभे. मी झाकण परत लावलं असतं तर लाईट आल्यावर पंपांच्या आवाजात टिकटिक पण दबली असती. दोन सेकंद मी ते झाकण हातात धरलं होतं. खोटं कशाला बोलू, तीन सेकंद. फॉर्मच्या कडेला एवढीशी फाट गेलेली मला दिसत होती. उखर्डूच्या पायाला अजून सरकीचा भुसा चिकटलेला होता.

“त्याला काढू नका,” मी म्हटलं. आवाज उगाच चढा निघाला, भांडल्यासारखा. “चूक टायमरची आहे. म्हणजे माझी. लाईट गेली की हा थांबतो. हा चाळीस मिनिटं मागे आहे. याच्यामागे भोंगा, भोंग्यामागे नानांचं घड्याळ, आणि त्याच्यामागे स्टँड. सगळं गाव चाळीस मिनिटं मागे आहे.”

मग प्रेमकुंवरबाई शेठना म्हणाल्या, “मतलब हे गाव आठ दिवस हा छोरा चालवत होता?” आणि तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. आई हसल्यावर शेठना ओरडता येईना. ते मुनीमवर ओरडले, कोटेशन कोणी पास केलं म्हणून. उखर्डूला म्हणाले, जा, कामाला लाग.

नाना हसले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, चावी ओढली आणि काटे चाळीस मिनिटं पुढे फिरवले. दाढ उपटून घेताना माणसाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता. मग फॉर्म सरळ केला, फाटलेली कड बोटाने दाबली आणि माझ्यासमोर धरला. खिशातून पेन काढून टोपण पण उघडून दिलं.

“खरं बोललास ते बरं केलं,” म्हणाले. “सही कर.”

मी केली. पेन दाबलं गेलं, कागदाला भोक पडलं.

नाना स्टँडवर गेल्यावर मी जुन्या टायमरचे पॉइंट घासले आणि तो कॉन्टॅक्टरला जोडला. आता त्याला वजन उचलायचं नाही, नुसता इशारा द्यायचा आहे, तेवढं म्हातारं यंत्र करतं. बिनचावीचा उतरवून त्याच डब्यात टाकला. आबा स्टुलावर बसून बघत होते.

“भटू, त्या चाळीस मिनिटं, ते तुले कसं समजनं?”

“काट्यावरून.”

“माले शिकाड ना.”

मी दुपारी त्यांना लहान काटा, मोठा काटा सांगायला बसलो. पंधरा मिनिटांत माझं डोकं सटकलं, आणि मला ते विज्ञानाचे सर आठवले. ते मला इथे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

हे सगळं मी पंपरूममध्ये बसून, मुनीमनी फेकलेल्या कोटेशनांच्या मागच्या बाजूला लिहू राहिलोय. खरं सांगू? वेळ टळावी म्हणून. फॉर्म शाळेच्या ऑफिसात आज पाचच्या आत द्यायचा आहे. आता आबांच्या घड्याळात चार वाजून बेचाळीस. शाळेतलं घड्याळ शिपाई भोंग्यावर मिळवतो, म्हणजे तिथे अजून चारच वाजले असतील. पण सकाळपासून गावभर बोंब झाली आहे, त्याने काटा पुढे केला असला तर माझ्याकडे अठरा मिनिटं उरली आहेत. फाटकात नाना सायकलची घंटी वाजवू राहिले. मला आता निघावं लागेल.